भूतखांबचं पठार, कोचाबांबाचं पाणी आणि आपल्या गावचा लाइनमन

ओपेकाठ (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते लिहून टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या.

चवथीला माहेरी, गोव्यातल्या केरीला गेले होते. गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी बांधता बांधता भाचा म्हणाला, आत्ये, आता वीजही एकदाची खाजगी करून टाकायला हवी, चंदीगडने केलीच ना. तो पुण्याला नोकरीला असतो, हुशार मुलगा आहे, वाईट मनाने बोलला नाही. आप्पा तिथेच नारळ सोलत बसले होते, ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याला म्हणाले चल, आणि आम्हा सगळ्यांनाच घेऊन वर पठारावर गेले. भूतखांबच्या.

इथल्या नव्या मुलांना कदाचित ठाऊक नसेल म्हणून सांगते. या पठारावर थापर-ड्यूपॉन्टचा नायलॉन ६,६ चा कारखाना यायचा होता. खाली केरी, सावईवेरे, सगळी कुळागरं आहेत. पोफळी, माड, केळी, मिरीचे वेल, आणि या सगळ्याला पाणी येतं ते पठारातून पाझरणाऱ्या झऱ्यांचं. वरचं पाणी नासलं तर खालचं कुळागर मेलंच, हे कळायला कुणाला शिकावं लागत नाही. लोक उठले. २३ जानेवारी १९९५ ला पोलिसांनी गोळीबार केला आणि नीलेश नाईक हा आपल्यातलाच तरुण गेला. कारखाना गोव्यातून गेला तो गेलाच, पुढे तमिळनाडूत उभा राहिला. आप्पा त्या गर्दीत होते. त्या दिवसाबद्दल ते घरात फारसं बोलत नाहीत, आम्हीही विचारत नाही.

भाच्याला ते एवढंच म्हणाले की बाबा, १९९१ च्या उदारीकरणानंतर सगळीकडे हेच सांगत होते, की जमीन द्या, पाणी द्या, बाकी बाजार बघून घेईल. बाजाराने बघितलं असतं का रे तुझ्या आजीच्या कुळागराकडे?

माझा मुद्दा थोडा पुढचा आहे. तौक्ते वादळ आठवतंय ना, १६ मे २०२१. कोविड चालू, घराघरात माणसं आजारी, आणि वीज गेली. आमच्या वाड्यावर आंब्याची फांदी पडून तीन खांब आडवे झाले होते. लाइनमन आला तो आमच्या ओळखीचा, पलीकडच्या वाड्यावरचाच. त्याच्या स्वतःच्या घरात दिवा नव्हता. वाड्यावरच्या पोरांनी करवती कोयते घेऊन रस्ता मोकळा केला, वहिनीने पेज करून पाठवली, आणि तो माणूस दोन रात्री शाळेच्या पडवीत झोपून काम करत राहिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज आली तेव्हा तो खांबावरच होता आणि खालून बायका ओरडत होत्या की आता उतर रे.

खाजगी कंपनी आली की तारा त्याच राहतील, खांबही तेच. पण मग तो माणूस कुणाचा राहील? त्याला आपण हाक मारू शकू का, की एका नंबरवर फोन करून तक्रार क्रमांक घ्यायचा आणि वाट बघायची? मला हा प्रश्न पैशाच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

मांडवीकाठी

ताई, लिहिलंय मनापासून, आणि भूतखांबबद्दल पूर्ण आदर आहे. पण वीज आणि नायलॉन यांची गल्लत होतेय असं मला वाटतं. कारखाना येऊ नये हा एक लढा, सेवा कुणी चालवावी हा वेगळा.

मी दिल्लीत आठ वर्षं होतो म्हणून सांगतो. २००२ मध्ये तिथे वितरण खाजगी झालं तेव्हा निम्म्याहून जास्त वीज गळतीत आणि चोरीत जात होती, आज ते प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आहे. हे खोटं नाही ना? आणि सरकारी म्हणजे लोकांचं हे जे आपण गृहीत धरतो तेही मला पटत नाही. एका साध्या दाखल्यासाठी मी एका सरकारी कचेरीत पाच खेपा घातल्यात, दर वेळी साहेब मीटिंगला. तिथे कुणाला हाक मारू?

ओपेकाठ

मांडवीकाठी, तुमच्या पाच खेपा खऱ्या आहेत, मी नाकारत नाही, मीही घातल्यात. आणि दिल्लीची गळती कमी झाली हेही खरं. पण गोव्यात आज गळती तेव्हाच्या दिल्लीसारखी नाही, मग जो रोग नाही त्याचं औषध का घ्यायचं?

आणि दिल्लीच्या आधीचं ओडिशा बघा. १९९९ मध्ये तिथे वितरण खाजगी झालं, मध्य भागाची कंपनी एईएस या अमेरिकन कंपनीकडे गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात महाचक्रीवादळ आलं, खांबच्या खांब झोपले. २००१ मध्ये एईएस सोडून गेली. उरलेल्या तीन भागांत रिलायन्स होती, त्यांचे परवाने २०१५ मध्ये रद्द झाले. मग परत सरकार, मग २०२० पासून टाटा. वीस वर्षांत तिथल्या माणसाने किती पाट्या बदललेल्या बघितल्या! तौक्तेबद्दल मी उगाच लिहिलं नाही. वादळात पळून जाता न येणारा माणूस लागतो, आणि सरकारला निदान पळून जाता येत नाही.

जुनाविद्यार्थी७८

बाय, छान विषय काढलास. मी आता सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे, टायपिंग सावकाश आहे, चुका पोटात घाला.

तुम्हा पोरांना कदंब बस म्हणजे आभाळातून पडली असं वाटत असेल. तशी नाही. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा गोव्यात सगळ्या बसेस खाजगी मालकांच्या. गावातून पणजीला, मडगावला शिकायला यायचं म्हणजे तिकिटातच घरचं निम्मं खर्च व्हायचं, आणि मालकाच्या मनात आलं तर बस सुटायची, नाहीतर भरेपर्यंत उभी. १९७८-७९ ला विद्यार्थ्यांनी पन्नास टक्के सवलतीसाठी आंदोलन केलं. मोर्चे, बंद, लाठ्या, सगळं झालं. माझ्या डाव्या कोपरावर अजून खूण आहे. सवलत मिळाली. पण त्यातून जे कळलं ते सवलतीहून मोठं होतं, की खाजगी मालकाच्या मर्जीवर हा प्रश्न कायमचा सुटणार नाही, राज्याची स्वतःची बस हवी. १९८० ला कदंब महामंडळ झालं.

म्हणून मला फार लागतं जेव्हा कुणी म्हणतं की कदंब तोट्यात आहे, विकून टाका. सत्तरी तालुक्यातल्या, सांग्यातल्या शेवटच्या वाड्यावर संध्याकाळी सहाला जी बस जाते ती तोट्यातच जाणार, त्यात पाच माणसं असतात. पण त्या पाचात एक मुलगी असते बारावीची. ती बस बंद झाली तर तिचं कॉलेज बंद. हा तोटा कुठल्या वहीत लिहायचा ते कुणी तरी मला सांगा.

धालोगडी

काका __/\__

माझी आई त्या शेवटच्या बसने शिकली, केपे तालुक्यातून. एवढंच सांगायचं होतं.

नागपूरकर_पर्वरी

मी मूळचा नागपूरचा, अकरा वर्षं पर्वरीत आहे, तर पाण्याचं मी सांगतो कारण आमच्याकडे ते होऊन गेलंय.

नागपुरात २०१२ पासून शहराचं पाणी खाजगी कंपनीकडे आहे, पंचवीस वर्षांचा करार, त्यात व्हिओलिया ही फ्रेंच कंपनी भागीदार. चोवीस तास पाणी म्हणून सांगितलं होतं. आता गंमत नाही, गांभीर्याने सांगतो, ज्या व्हिओलियाच्या फ्रान्समधून हे मॉडेल जगभर गेलं, त्या फ्रान्सच्या राजधानीने, म्हणजे पॅरिसने, २०१० मध्ये स्वतःचं पाणी परत महापालिकेकडे घेतलं. ग्रेनोबलने त्याच्याही आधी. मग आपण जे ते सोडतायत ते का धरतोय? मुंबईत २००६-०७ ला अंधेरी, जोगेश्वरी, पार्ले पूर्वेच्या वॉर्डात जागतिक बँकेच्या पैशातून अभ्यास झाला होता खाजगीकरणाचा, लोकांनी बैठकीत उभं राहून प्रश्न विचारले आणि तो गुंडाळावा लागला.

पण पाण्यावरचा सगळ्यात मोठा लढा म्हणजे बोलिव्हियातलं कोचाबांबा. १९९९ मध्ये शहराचं पाणी एका कंपनीला दिलं, अग्वास दे तुनारी, मागे बेक्टेल ही अमेरिकन कंपनी, करार चाळीस वर्षांचा. २००० च्या जानेवारीत बिलं वाढली, काहींची तर दुप्पट. आणि नुसती बिलं नाहीत हो, गावकऱ्यांनी स्वतःच्या घामाने, श्रमदानाने खोदलेल्या विहिरीसुद्धा त्या कराराच्या पोटात गेल्या. स्वतःची विहीर आणि पाणी काढायला परवानगी! मग शेतकरी, कारखान्यातले कामगार, बाजारातल्या बायका सगळे रस्त्यावर. सतरा वर्षांचा व्हिक्टर ह्यूगो दासा नावाचा मुलगा गोळीने मेला. एप्रिल २००० ला सरकारने करार रद्द केला. त्यावर बेक्टेलने जागतिक बँकेच्या लवादात दावा लावला करोडो डॉलरचा, बोलिव्हियासारख्या गरीब देशावर. जगभरातून इतका निषेध झाला की २००६ मध्ये तो दावा मागे घेतला आणि शेअर दोन बोलिव्हियानोला, म्हणजे नाममात्र किमतीला, देऊन टाकले.

ताईंनी भूतखांब लिहिलं आणि मला कोचाबांबा आठवलं. १९९५ आणि २०००, दोन्हीकडे पाणी, दोन्हीकडे एक पोरगा.

मांडवीकाठी

कोचाबांबाची पुढची गोष्ट पण सांगा की. पाणी परत सरकारी कंपनीकडे आलं, पण दक्षिणेच्या गरीब वस्त्यांत नंतरही कित्येक वर्षं नळ नव्हते, टँकरवालेच. लढा जिंकला म्हणजे नळाला पाणी आलं असं होत नाही. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही, मला खरंच प्रश्न पडतो, की विरोध केल्यानंतरचं काम कोण करतं?

नागपूरकर_पर्वरी

मान्य आहे. हे आपण लपवू नये. तिथे खाजगीकरण थांबलं, चांगली सेवा आपोआप आली नाही, तिच्यासाठी वेगळं लढावं लागलं, अजून लागतंय. पण एक फरक आहे. सरकारी कंपनीला निदान पुढच्या निवडणुकीत धरता येतं. चाळीस वर्षांच्या कराराला धरायला जाल तर लवाद वॉशिंग्टनमध्ये.

वेर्ण्याचीबाय

सेझबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, कारण ते आमच्या अंगणात आलं होतं. आणि ओपेकाठ बाय, भूतखांबची गोष्ट तू अर्धीच सांगितलीस!

सेझचा कायदा २००५ चा. सेझ म्हणजे देशातच असलेली पण कस्टम्सच्या दृष्टीने परदेश धरलेली जागा. आत कर माफ, ड्युटी माफ. गोव्यात औद्योगिक विकास महामंडळाने सात कंपन्यांना लाखो चौरस मीटर जमीन भराभर देऊन टाकली, वेर्णे, सांकवाळ, आणि केरीला तर तेच भूतखांबचं पठार! ज्या जमिनीसाठी एकाने जीव दिला तीच दहा वर्षांनी दुसऱ्या दाराने कंपनीला. आमच्या गावात ही बातमी कळली तेव्हा म्हातारी माणसं सुद्धा ग्रामसभेला आली होती काठी टेकत टेकत, आणि सगळ्यांची धास्ती एकच, की कुंपण पडलं की आत आपल्या पंचायतीला काही विचारता येणार नाही, पाणी किती ओढता, सांडपाणी कुठे सोडता, काही म्हणजे काही नाही.

वर्षभर कोपऱ्याकोपऱ्यावर सभा झाल्या. त्याच्या आधीच गोवा बचाव अभियानाच्या रेट्याने प्रादेशिक आराखडा २०११, म्हणजे कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा, मागे घ्यावा लागला होता, जानेवारी २००७ ला, त्यामुळे लोकांना विश्वास आला होता की हे होतं, करता येतं. ३१ डिसेंबर २००७ ला मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी सगळे सेझ रद्द करत असल्याचं जाहीर केलं. बाकी गोवा नवीन वर्षाच्या पार्टीत होता आणि आमच्या इथे चर्चसमोर आणि देवळासमोर दोन्हीकडे फटाके.

पण संपलं नाही. कंपन्या कोर्टात गेल्या. २०१० ला हायकोर्टाने ते भूखंडवाटपच बेकायदा ठरवलं, मग सुप्रीम कोर्ट, आणि २०१८ मध्ये सरकारने कंपन्यांचे पैसे व्याजासकट परत करून जमीन परत घ्यायचं ठरवलं, अडीचशे कोटींच्या वर. हे व्याज कुणी भरलं? आपणच भरलं. म्हणून मी सगळ्यांना सांगते की सही व्हायच्या आधी ओरडा. सही झाल्यावर ओरडलात तर जिंकलात तरी बिल तुमच्याच नावावर येतं.

ओपेकाठ

वेर्ण्याची बाय, खरं आहे, अर्धीच सांगितली. आप्पांनीही तिथेच थांबवली होती, दुसऱ्यांदाचं त्यांना जास्त लागलंय असं मला वाटतं. पहिल्या वेळेला समोर कंपनी होती, दुसऱ्या वेळेला आपलंच सरकार.

खांबावरचा

नवीन आयडी आहे, हा धागा वाचूनच उघडला. माझे वडील लाइनमन होते, मी पण त्याच कामात आहे पण कंत्राटावर. वडील कायम होते, त्यांना पेन्शन आहे. मला कंत्राटदार पगार देतो, दर काही वर्षांनी कंत्राटदार बदलतो, काम तेच, खांब तेच, बेल्ट तोच.

तुम्ही सगळे लिहिताय की खाजगीकरण येईल. आमच्यासाठी ते येऊन बसलंय हो. एका दिवसात पाटी बदलत नाही, आधी झाडू मारणारे कंत्राटी, मग रीडिंगवाले, मग खांबावरचे. शेवटी खुर्चीवरचे तेवढे सरकारी राहतात, आणि मग म्हणतात की बघा हे खातं कसं चालत नाही.

चंदीगडच्या लोकांनी काय कमी केलं? २०२२ च्या फेब्रुवारीत तीन दिवसांचा संप पुकारला, शहर अंधारात गेलं, लष्कराचे इंजिनिअर बोलवावे लागले, हायकोर्टाने दखल घेतली. आणि तिथलं खातं तर फायद्यात होतं! तरी १ फेब्रुवारी २०२५ पासून कंपनीकडे गेलं. दादरा-नगर हवेली आणि दमणचं २०२२ ला टोरंटकडे गेलं. आपला आणि त्यांचा वीज नियामक आयोग एकच आहे, गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त, जेईआरसी. फरक एवढाच की आपण राज्य आहोत, आपल्याकडे विधानसभा आहे, ती नको म्हणू शकते. १९८७ ला राज्य झालो त्याचा हाही उपयोग आहे.

ताईंनी पेज लिहिली ते वाचून बरं वाटलं. वादळात आम्हाला खरंच कुणी ना कुणी पेज देतंच.

मांडवीकाठी

खांबावरचा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी आतापर्यंत सरकारी की खाजगी असंच बघत होतो, आतून पोखरून मग विकायचं हे मी धरलंच नव्हतं. दिल्लीच्या आकड्यांवरून मी मागे जात नाही, ते आकडे खरे आहेत. पण गोव्यात तसं करायला कारण नाही हे आता पटतंय.

एक माहिती मात्र देतो, उपयोगी पडेल. खाजगी असो वा सरकारी, दर आयोगच ठरवतो, आणि वीज कायदा २००३ च्या कलम ६४ प्रमाणे दर ठरवण्याआधी लोकांच्या हरकती विचारात घ्याव्याच लागतात. त्यासाठी जाहीर सुनावणी होते. मी एकदा गेलो होतो, हॉलमध्ये अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. उद्योगवाले वकील घेऊन आलेले, घरगुती ग्राहक मोजके. तिथे बोललेलं नोंदवलं जातं आणि आदेशात त्याला उत्तर द्यावं लागतं. आपण तिथे जातच नाही.

धालोगडी

स्मार्ट मीटरचं कुणी तरी समजावून सांगा ना. आमच्याकडे सगळे घाबरलेत, नक्की कशाला घाबरायचं तेच कळत नाही.

नागपूरकर_पर्वरी

थोडक्यात सांगतो. केंद्राची २०२१ ची योजना आहे, आरडीएसएस नावाची. त्यात मीटर बसवायचं, सांभाळायचं, डेटा बघायचा हे सगळं एका खाजगी कंपनीकडे, आणि तिला दर मीटरमागे दर महिन्याला ठरलेले पैसे, साधारण दहा वर्षं. मीटर प्रीपेड करायचा उद्देश आहे, म्हणजे आधी रिचार्ज, मग वीज.

मीटर जलद फिरतो वगैरे जे फिरतंय व्हॉट्सॲपवर त्याच्या मागे लागू नका, ते सिद्ध करता येणार नाही आणि आपलं म्हणणं कच्चं पडेल. विचारायचं ते हे, की रिचार्ज संपला आणि घरात आजारी माणूस असेल तर तार कोण जोडणार, किती वेळात, आणि रीडिंग घेणाऱ्या पोरांचं काय. वीज खातं सरकारीच राहील पण घर आणि खातं यांच्यामध्ये एक कंपनी येऊन उभी राहील. लाइनमन अजून आपला, मीटर कंपनीचा.

जुनाविद्यार्थी७८

मग घरी बसून काय करायचंय? आमच्या वेळी हे फोन नव्हते, सायकलवर गावोगाव जाऊन निरोप द्यायचो. मला आता सायकल जमत नाही, पण कागद लिहून देईन. कुणी तरी नुसता ठरावाचा मसुदा करा, सोपा, एका पानाचा, मराठीत आणि कोकणीत. ग्रामसभेत वाचता येईल असा.

खांबावरचा

मसुद्यात कंत्राटी लोकांना कायम करा हे पण घाला काका. ते नसेल तर आम्ही कशाला येऊ असं माझे दोस्त म्हणतील, आणि त्यांचं बरोबर आहे.

जुनाविद्यार्थी७८

घालतो. ते पहिलंच कलम.

ओपेकाठ

काका, मी टाइप करून देते, आज रात्रीच इथे टाकते, सगळ्यांनी दुरुस्त करा. वेर्ण्याची बाय, तुमच्या सेझच्या वेळच्या ठरावांच्या प्रती असतील तर फोटो काढून पाठवा, भाषा कशी होती ते बघायचंय. मांडवीकाठी, सुनावणीला हरकत कशी नोंदवायची ते तुम्ही गेला होता म्हणून तुम्हीच लिहा, वेगळा प्रतिसाद करून, म्हणजे शोधायला सोपा जाईल.

आमची ग्रामसभा या रविवारी आहे, सकाळी साडेदहाला. आप्पा येणार म्हणालेत. भाचा पण थांबलाय, रजा वाढवून घेतली.

मांडवीकाठी

लिहितो. रविवारी मी गाडी घेऊन येतोय पणजीहून, बाणस्तारीच्या पुलाकडे कुणाला घ्यायचं असेल तर सांगा, तीन जागा आहेत.

धालोगडी

एक माझी. पुलाच्या अलीकडे उभी राहते, साडेनऊला.